वांग्याचं श्रेय

सोमवार, ३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही शिवून पाठवलेला एप्रन परवा मिळाला. माप न घेता शिवलात आणि अगदी अंगाबरोबर बसला, याबद्दल तुमची कॉलर ताठ झाली असेल तर होऊ द्या, ती तुमच्या हक्काची आहे. फक्त खिसा उजवीकडे लावलात. मी डावखुरी आहे हे चौतीस वर्षांत तुम्ही एकदाही मान्य केलेलं नाही, त्यामुळे नवल वाटलं नाही. खिसा उसवून मी डावीकडे लावला. टाके वाकडे आले आहेत, पण माझे आहेत.

काम जोरात आहे. ग्रंथालयाच्या तळघरात आम्ही तिघी बांधणीच्या टेबलाशी दिवसभर उभ्या असतो. सध्या एका शब्दकोशाचे एकोणीस खंड आले आहेत, सगळ्यांच्या पाठी सुटलेल्या. जुनी खळ ओल्या फडक्याने भिजवायची, ती फुगली की लाकडी पट्टीने हलक्या हाताने काढायची. घाई केली की खळीबरोबर कागदही सोलून येतो. आतापर्यंत सात खंड झाले.

आता मुद्द्याचं. हे तुम्हाला आत्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, कारण तिच्या पोटात काही राहत नाही. गुरुवारी आम्ही चौघं जण एकत्र जेवतो, हे मी मागे लिहिलं होतं. मी, खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई, लिफ्ट दुरुस्त करणारा आणि नकाशे काढणारी. आळीपाळीने एकेकाच्या घरी. तर गेल्या महिन्यात नकाशेवालीच्या घरी मी वांगं खाल्लं. पुन्हा मागून घेतलं. आवडलं. त्यानंतर दोनदा घरी स्वतः केलं.

हे वाचून तुम्ही कात्री खाली ठेवाल, चष्मा कपाळावर चढवाल आणि आपण म्हणत होतोच असं म्हणाल. म्हणू नका. एवढं एक ऐका माझं.

तब्येतीला जपा. रागावलात तरी लोभ तेवढाच ठेवा.

तुमची,
सुई


शनिवार, ८ मार्च

चि. सुई हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. म्हणू नका असं तू लिहिलंस म्हणून म्हणत नाही. पण मी म्हणत होतोच.

पत्र मी आधी बसून वाचलं, मग उभं राहून वाचलं, मग शेजारच्या घड्याळवाल्याला वाचून दाखवलं. त्याने माझं अभिनंदन केलं. तू नऊ वर्षांची असताना त्या रविवारी मी तुला ताटासमोर बसवून ठेवलं, तेव्हा तुझी आई, तुझी आत्या, सगळ्यांनी मला राक्षस ठरवलं होतं. आता बोला म्हणावं. कापड कितीही ताठ असो, पाणी मारून इस्त्री फिरवत राहिलं की कधी ना कधी बसतंच. तुझ्या बाबतीत पंचवीस वर्षं लागली, हा तुझा ताठा. माझी इस्त्री काही थंड नव्हती.

खिशाचं वाचलं. उजवीकडेच बरा दिसत होता.

माझ्या चष्म्याच्या काचांनी आता हात टेकले आहेत. सुईत दोरा ओवायला घड्याळवाल्याला हाक मारावी लागते आणि तो ओवताना शिट्टी वाजवतो, ते मला सहन होत नाही. तुझ्याकडे डोळ्यांचा एक चांगला डॉक्टर आहे म्हणतात. २७ तारखेला, गुरुवारी, येतो. तू इकडे येतेस ती चहा पिऊन पळतेस, तेव्हा म्हटलं आपणच जाऊन तुझ्याबरोबर जेवावं. तुझ्या मंडळींनाही कळू दे, वांगं खाणाऱ्या पोरीचा बाप कोण आहे ते.

बाकी सर्व ठीक. उत्तर लगेच टाक, नाहीतर मी न कळवता येऊन उभा राहीन.

तुझा,
बाबा


बुधवार, १२ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी आमचा चार मजल्यांचा जिना दोनदा उतरले आणि दोनदा चढले. राग काही उतरला नाही. म्हणून लिहायला बसले आहे. नीट वाचा, आणि हे घड्याळवाल्याला वाचून दाखवू नका.

तुम्हाला तो रविवार आठवतो म्हणता. मला विचारा. दुपारी बारापासून घराघरांत दिवे लागेपर्यंत. तुम्ही शिवलेला निळा फ्रॉक होता, गळ्याशी टोचणारा. ताटात वांग्याच्या तीन फोडी. रस्सा सुकून त्याच्यावर साय धरली होती. आई दोनदा ताट उचलायला आली आणि दोन्ही वेळा तुम्ही खुर्चीतून न उठता नुसता हात वर करून तिला थांबवलंत. बाहेर पोरी दोरीवरच्या उड्या मारत होत्या आणि मी आतून त्यांच्या उड्या मोजत होते. शेवटी कुणाचा तरी तातडीचा कोट आला म्हणून तुम्ही उठलात. तोवर मी एक फोडसुद्धा खाल्ली नव्हती. मी जिंकले होते, बाबा. तुमच्याविरुद्ध मी आयुष्यात जिंकलेली ती एकच गोष्ट. पुढे शाळेत, वसतिगृहात, लग्नाच्या पंगतीत, जिथे जिथे वांगं आलं तिथे मी ते नाकावर टिच्चून बाजूला सारलं.

आता मी ते कशी खायला लागले ते ऐका, म्हणजे तुमच्या इस्त्रीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही हे कळेल. आमच्या गुरुवारच्या मंडळीत एक पाटी आहे, दगडी, शाळेतली असते तशी. ज्याच्या घरी जेवण असेल त्याच्या स्वयंपाकघरात ती जाते. तिच्यावर प्रत्येकाने आपण काय खात नाही ते लिहायचं. कारण विचारायचं नाही, हा नियम. नर्सबाईंनी उकडलेलं अंडं लिहिलं आहे. लिफ्टवाल्याने बीट. नकाशेवालीने काकडी लिहिली आहे, आणि ती डोंगरकड्यांवर एकटी चढून मोजमापं घेणारी बाई आहे. मी पहिल्या दिवशी वांगं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि भांडायच्या तयारीत उभी राहिले. कुणी ब्र काढला नाही. मला जवळजवळ अपमान झाल्यासारखं वाटलं.

सहा महिने असेच गेले. वांगं असलं की माझ्यासाठी शेंगांच्या भाजीचा वाडगा वेगळा असायचा, न मागता. मग त्या दिवशी नकाशेवालीने वांग्याच्या पातळ चकत्या तव्यावर कडा काळ्या होईपर्यंत भाजल्या होत्या, वरून मीठ, लसूण आणि लिंबू. नर्सबाई एका रोग्याची गोष्ट सांगत होत्या. त्याला भूल दिली तर तो गुंगीत सगळ्या वॉर्डाला पाढे म्हणायला लावत होता. मी हसत होते आणि हसता हसता त्यांच्या ताटातली एक चकती उचलून तोंडात टाकली. चुकून नाही, बघून टाकली. कडेला कुरकुरीत, मध्ये लोण्यासारखी. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बघा, आवडलं ना, असं कुणी म्हणालं नाही. लिफ्टवाल्याने मिठाची बाटली मागितली. मला एकदम रडू फुटेल की काय असं झालं. पाटीवरचा शब्द मी तीन आठवड्यांनी पुसला, माझ्या हाताने, डाव्या.

आणि चहाचं म्हणाल, तर आई गेल्यापासून आठ वर्षं मी तुमच्याकडे चहाच्याच वेळेला येते आणि बसचं कारण सांगून निघते. बस तासातासाला आहे. त्या टेबलाशी तुमच्यासमोर बसलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही, हे खरं कारण. आज लिहून टाकलं.

२७ ला जेवण माझ्याकडे आहे. तुम्ही या, खरंच या. पण इथे कुणी कुणाला खा म्हणत नाही. तुम्ही एकदा जरी म्हणालात तरी मी ताटावरून उठेन, आणि मग चहालाही येणार नाही.

माया असेल तर ती अटीसकट असू द्या.

तुमचीच,
सुई


रविवार, १६ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आज दोन पत्रं लिहायला बसलो. सुईचं आधी उरकलं. ते सोपं होतं, त्यात नुसता रुबाब आहे. तुझं अवघड जातं आहे.

पोरीने मला झाडलं आहे, अक्का. चहा पिऊन का पळते ते स्वच्छ लिहिलं आहे. माझ्यासमोर तिच्या घशाखाली घास उतरत नाही म्हणते. मी ते पत्र घड्याळवाल्याला दाखवलं नाही. कुणालाच दाखवलं नाही. दोन दिवस दुकान उघडलं नाही.

तुला माहीत आहे आणि तिच्या आईला माहीत होतं, तिसऱ्या कुणाला नाही. मी वांगं खात नाही. तिची आई माझ्या वाटीत तळाशी बटाटे भरायची आणि वरून वांग्याचा रस्सा घालायची, म्हणजे पोरीला कळू नये. त्या रविवारीही माझ्या वाटीत बटाटेच होते. मी ते खाल्ले, आणि समोर बसून तिला म्हटलं की अन्नाला नाक मुरडायचं नाही.

काकांच्या घरचं तू विसरली नसशील. आपण दोघं दुसऱ्याच्या अन्नावर वाढलेली पोरं. काकू दिवसाआड वांगं करायची आणि मी ते न चावता पाण्याबरोबर गोळीसारखं गिळायचो. मळमळलं की तू मागच्या पायरीवर माझ्या पाठीवरून हात फिरवायचीस. नको म्हणायची सोय नव्हती. नको म्हटलं तर आपलं बिऱ्हाड रस्त्यावर, असं मला वाटायचं. म्हणून ती नऊ वर्षांची चिमुरडी ताटासमोर बसून सरळ नाही म्हणाली तेव्हा माझं डोकं फिरलं. हिला कोण घरात घेईल, ही एक भीती. आणि खरं सांगू का, मला तिचा हेवा वाटला. मला सत्तेचाळिसाव्या वर्षीही ते जमत नव्हतं.

आता तिच्या मंडळींनी म्हणे पाटी ठेवली आहे. काय खात नाही ते आधीच विचारतात आणि कारण विचारत नाहीत. अशी घरं असतात हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही, अक्का.

२७ ला ती वांगंच करणार, मी तिला ओळखून आहे. मी गिळेन. पाण्याचा पेला जवळ ठेवेन, सवय मोडलेली नाही. पण तिला यातलं काही कळता कामा नये. कळलं तर मी तिला तोंड दाखवू शकणार नाही.

तुझ्या गुडघ्यांना तेल लावतेस ना? धाकट्यावर माया राहू दे.

तुझा भाऊ


बुधवार, १९ मार्च

चि. सुईस,
अ. उ. आ.

काल मला तुझ्या बापाचं पत्र आलं. त्यात त्याने मला चिरंजीव म्हटलं आहे, अनेक उत्तम आशीर्वाद दिले आहेत आणि टेबलाशी पोक काढून बसू नकोस असं बजावलं आहे. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. आधी वाटलं, बिचाऱ्याचं डोकं गेलं. मग पुढे वांगं आलं, तेव्हा उलगडा झाला. पन्नास वर्षांत उजवी बाही डाव्या खांद्याला लावली नाही, अशी ज्याची प्रौढी, त्याने पाकिटांत कागद उलटे घातले. काचा बदलायला हव्यात हे मात्र खरं.

तुझं पत्र सोबत धाडते आहे. त्याचं सार इतकंच की तो येतो आहे, तू वाढशील ते चाटूनपुसून खाणार आहे, आणि जेवावं कसं ते तुझ्या मित्रमंडळींना दाखवून देणार आहे.

म्हणजे माझं पत्र तुझ्याकडे गेलं. त्यात काय आहे ते मला ठाऊक नाही, पण वांग्याबद्दल तो माझ्याशी काय बोलेल ते ठाऊक आहे. वाचलं नसशील तर वाचू नकोस. वाचलं असशीलच, तू काय ऐकणारी आहेस! तर आता माझं एवढं ऐक. वाचलंस हे त्याला कळू देऊ नकोस. गुरुवारी त्याला चार घास गिळू दे, पाणी पिऊ दे, घरी जाऊ दे. म्हाताऱ्याला शरमेने मारू नकोस. हल्ली तो तसाही फार बोलत नाही.

ते पत्र मला परत पाठव. माझं आहे ते.

तुझी,
आत्या


शनिवार, २२ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आत्याने मला गप्प बसायला सांगितलं आहे. मी गप्प बसणार नाही. तुमच्या पाकिटांची अदलाबदल झाली. आत्याचं पत्र माझ्याकडे आलं आणि मी ते शेवटपर्यंत वाचलं, तळघरात, टेबलाशी उभ्याने, बोटांना खळ तशीच.

बटाटे, बाबा! मी तिथे दिवसभर बसले आणि तुमच्या वाटीत बटाटे! मी ओरडले असणार, कारण आमच्या मुख्य बाईंनी मान वर करून काय झालं म्हणून विचारलं. मी त्यांना बटाटे एवढंच सांगितलं. त्या बाईंनी पुढे काही विचारलं नाही, माझ्यासमोरचा बारावा खंड तेवढा उचलून लांब ठेवला.

संध्याकाळी घरी येऊन पुन्हा वाचलं. काकांकडच्या त्या मुलाचं, जो मागच्या पायरीवर बसायचा, मला फार वाईट वाटलं. तुमचं अजून वाटत नाही. त्याला वेळ लागेल आणि तो मी घेणार आहे.

पण गुरुवारचं आत्ताच सांगते. मी वांगंच करणार आहे. तुम्हाला धडा शिकवायला नाही आणि तुमच्यासाठी बदलणारही नाही. मला आवडतं, माझी पाळी आहे, म्हणून करणार. ते तुम्ही खायचं नाही. गिळायचं तर मुळीच नाही. माझ्या प्रेमासाठी गिळलेला घास मला नको, तो तुमच्याच पोटात डाचेल आणि पुन्हा पंचवीस वर्षं आपण दोघं त्याच्याबद्दल बोलणार नाही. मला काकू व्हायचं नाही. माझ्या घरी कुणी न चावता पाण्याबरोबर गिळून उठणार नाही, माझा बापसुद्धा नाही.

नको असेल तर नको म्हणा. लिहा, बोला, मान हलवा, कसंही. कुणी तुमचं बिऱ्हाड रस्त्यावर काढणार नाही. मी नऊ वर्षांची असताना म्हणाले होते, बहात्तराव्या वर्षी जड जाऊ नये.

आणि न येण्याचा विचार करत असाल तर तो सोडून द्या. मी स्टँडवर उभी राहणार आहे. शरम वाटत असेल तर वाटू दे, ती घेऊनच या. जिन्याला कठडा आहे, सावकाश चढू.

भांडते आहे म्हणून परकी समजू नका.

तुमची,
सुई


रविवार, ३० मार्च

चि. सुईस,
अ. उ. आ.

गुरुवारी दुपारीच बसवलेल्या नव्या काचा घालून शुक्रवारी घरी पोचलो. सगळं लख्ख दिसतं. पाकिटावरचं माझं अक्षरही दिसलं. पोस्टमनची कमाल आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी न येण्याचंच ठरवलं होतं. तू ते आधीच लिहून ठेवलं होतंस, म्हणून चिडून आलो. स्टँडवर तू माझी पिशवी घेतलीस, तेही डाव्याच हातात. जिन्यात मी तीनदा थांबलो ते दमून नाही.

तुझी मंडळी बरी आहेत. लिफ्टवाल्याच्या पँटची शिवण मांडीशी उसवली आहे, त्याला सांगितलं आहे पाठवून दे म्हणून. पाटी नर्सबाईंनी पुढे केली, पण मी काही लिहिलं नाही. असं खडूने लिहून देणं मला जमत नाही. तोंडाने सांगायचं ठरवलं होतं. वांग्याची ताटली फिरत फिरत जवळ यायला लागली तसा हात आपोआप पाण्याच्या पेल्याकडे गेला, या वयात, एका भाजीपायी. आणि नकाशेवालीने ती माझ्या पुढ्यातून उचलून सरळ नर्सबाईंकडे दिली. मला विचारलंसुद्धा नाही. तू सांगून ठेवलं असणार.

तरी मी म्हणालो. मला वांगं आवडत नाही, मी खात नाही, कधी आवडीने खाल्लेलं नाही. जरा मोठ्यानेच म्हणालो असेन, कारण सगळे घास हातात धरून थांबले. मग लिफ्टवाल्याने शेंगांचा वाडगा माझ्याकडे सरकवला आणि पुन्हा गप्पा सुरू झाल्या. बस. एवढंच झालं. आयुष्यभर मी ज्याला घाबरत आलो ते एवढंच होतं, याचा मला तिथे बसल्या बसल्या इतका संताप आला की शेंगा मी दोनदा घेतल्या.

तू माझ्याकडे बघत बघत पाच चकत्या खाल्ल्यास, मुद्दाम, बोटं चाटत. ते मला दिसलं. चष्मा नवा होता.

आता एक वाक्य लिहितो. ते लिहायला चार कागद फाडले आहेत, तेव्हा पुन्हा लिहायला लावू नकोस. त्या रविवारी तू नाही म्हणालीस ते बरोबर होतं आणि मी चुकलो.

मला माफ कर असं म्हणत नाही. तू वेळ घेणार आहेस, घे. पण येत्या रविवारी ये. चहाला नको, जेवायला ये. स्वयंपाक मी करणार आहे, तेव्हा तो चांगला होईल याची हमी नाही. ताटात टाकलंस तरी चालेल. माझ्यासमोर बसून टाक.

वाट पाहतो. लोभ तुझ्या सवडीने वाढू दे.

तुझा,
बाबा